नात रांगते की चालते?

अरे, नातीसाठी खेळायची खोली करायला घेतली तेव्हाची गोष्ट. मुलगा लंडनला असतो, तो डिसेंबरात पहिल्यांदाच तिला घेऊन मुळगावला येणार होता. खोलीतली लादी कडक, म्हणून मी आणि बायको डिचोलीला मऊ फोमची मॅट बघायला गेलो.

दुकानदाराने विचारलं, "नात रांगते की चालते, काका? चालत असेल तर पडेल, जाड घ्या."

बायको म्हणाली, "फोनवर आम्ही तिला आईच्या मांडीवरच बघितलीय रे."

त्याने जाड मॅट काढली. घरी ती अंथरल्यावर बायको तिच्यावर बसली, दोन्ही हात पुढे पसरले आणि मला म्हणाली, "येईल ना हो ती माझ्याकडे?"