धूर काढला अन् भट्टीच विझली

…अन् हे म्हणे फुकट! थू त्या फुकटावर! मी काहून चिडून राहिलो म्हणता? तुमाले सांगतो, आमचा चुलतभाऊ जितेंद्र, सावनेर रोडले वीटभट्टी त्याची, बापाच्या काळापासूनची, धंदा एक नंबर, पण पोट्ट्याचं लगन जमेना. काहून? धूर! पोरीवाले यायचे, आंगणात बसायचे, चहावर तरंगणारी काजळी पाहायचे अन् 'कळवतो जी' म्हणून जायचे, ते गेले ते गेलेच!

यंदा नरखेडकडून मिनलचं स्थळ आलं. पोट्टी त्याले अशी आवडली का जेवण सुचेना! तिचे बाबा मनोहरराव म्हणे, 'आधी घर, वावर, भट्टी, साऱ्याचा मिळून एक मोठा फोटो पाठवा, मंग येऊ.' जितेंद्र पाण्याच्या टाकीवर चढला, फोटो काढला, अन् पाह्यते तं का… घर राखेचं, कापसाची पऱ्हाटी राखेची, आभाळ राखेचं! शी! त्याले सोताचीच किळस आली. हे पाहून मिनल हो म्हणन का?

मंग घेतलं ते फोटो सुधरवाचं फुकटचं सॉफ्टवेअर. फुकट ते पौष्टिक, नाई का! उघडता उघडेना, उघडलं तं बटनंच बटनं, कोणतं कशाचं ते बनवणाऱ्यालेच माहीत! शिकवणारा व्हिडिओ लावला, त्यातला तो लाडात आलेला पोट्टा, 'हाय दोस्तों, बस ये धुंध वाली पट्टी थोडीसी राइट में खींचो, और देखो कमाल!' थोडीसी? अबे, भट्टीच्या धुराले थोडीसी पुरते का? जितेंद्रनं ओढली, आभाळ निळं. अजून ओढली, आभाळ शाईवाणी, कापसाची बोंडं निळी, अन् कोपऱ्यातली म्हैस जांभळी! जांभळी म्हैस पाहली का तुमी कधी? मंग कॉम्प्युटर अडकला, बंद करून सुरू केला तं सारी मेहनत पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून! डोये लाल, मान आखडलेली, अन् तोंडानं एकच, फुकट ते पौष्टिक!

पण जमलं बाप्पा. म्हैस काळी झाली, आभाळ निर्मळ, धुराची रेघ नाही, चिमणी अशी का जशी घासून ठेवलेली समई. पाठवला!

मनोहररावचा फोन. 'जितेंद्रभाऊ, भट्टी कधीपासून बंद आहे जी?'

'बंद? चालू आहे ना जी!'

'मंग धूर कुठी गेला?'

'तो… कॉम्प्युटरनं काढला जी.'

'काहून?'

'चांगलं दिसावं म्हणून…'

'हे पाहा, मले उल्लू बनवू नका! धूर नाही म्हणजे आग नाही, आग नाही म्हणजे धंदा नाही. माह्या पोरीले विझल्या भट्टीवर नाही द्याचं मले!' ठेवला फोन.

आता घ्या! सारी जिंदगी ज्या धुरानं लगन मोडलं, तो नाही म्हणून मोडून राहिलं! जितेंद्रनं पुन्हा ते सॉफ्टवेअर उघडलं अन् तीच पट्टी पार डावीकडं ओढली. धूर असा उठला का घर दिसेना, वावर दिसेना, म्हैस तं गेलीच! पाठवला, अन् बसला देवाचं नाव घेत.

'हां, आता कसं!' मनोहरराव एकदम खूश. 'सीझन जोरात दिसते जी! येतो आम्ही रविवारी!'

वाजले बँडबाजे, आली मिनल घरात. अन् आता रोज का होते? दोरीवर पांढरी चादर वाळू घालते, राखाडी काढते, अन् जितेंद्रच्या नाकापुढं धरून म्हणते, 'अवो, धूर काढाची पट्टी आहे म्हणे तुमच्यापाशी? मंग सरकवा ना इकडं!'

का सांगावं त्यानं तिले? का बाई, तुह्या बापानं हाच धूर पाहून तुले देलं, अन् त्यातलाही अर्धा माह्या हातचा? जितेंद्र चादर पुन्हा बादलीत बुडवते, काजळीचा चहा पिते. कोणी विचारलं, कसं काय गा? तं म्हणते, फुकट ते पौष्टिक!