मास्तरांच्या बाजूची जागा

तुमी किन्हीराजाले आले तं स्टँडजवळ बाकड्यावर बसलेला पुतळा पाहा. आमच्याच गावचे मास्तर होते, लेकरांसाठी गोष्टी लिहायचे. बाजूची जागा मुद्दाम मोकळी ठेवली, पोट्ट्याइनं तिथं बसावं म्हणून.

पण बसते कोण? मास्तराच्या बरोबरीनं बसायची आमाले सवयच नाही. पोट्टे चपला काढून खाली फरशीवर बसत, बाया येता-जाता पुतळ्याले कुंकू लावत. मूर्तिकार हात जोडून म्हणे, "अरे बाबांनो, बाकडं बसायसाठीच केलं."

एक दिवस गुलाबचाचा आले. मास्तरांचे लहानपणचे दोस्त. मास्तरांच्या एका गोष्टीतला घुबडाले भिऊन पळणारा गुलाब म्हणजे हेच. त्या गोष्टीपायी त्याईनं मास्तरासंगं बोलणं सोडलं होतं. हातात काठी पाहून आमी म्हटलं, आता पुतळ्याचं काही खरं नाही. चाचानं काठी टेकवली आन् चपला न काढता मास्तराच्या बाजूले बसले. आता रोज संध्याकाळी तिथंच बसतात.

मी इचारलं, "चाचा, राग गेला का?"

"कायले जाईन?" चाचा म्हणाले. "घुबडाले तोच भ्याला होता. रोज सांगतो त्याले. आता मधात बोलत नाही."