मोकळं वाटतं म्हणे

नाही नाही, बसा हो पाळकसाहेब, मशीन थांबवत नाही एवढंच—शाळेचे गणवेश उद्या द्यायचेत—कान तुमच्याकडेच आहेत. तर काय म्हणत होतात, प्रार्थना म्हणजे श्वास. ऐकलंय. तुम्ही आल्यापासून चर्चच्या मंडळीत दुसरं ऐकतोय काय आम्ही? सकाळी उठून श्वास सोडायचा, त्याबरोबर पाप बाहेर. श्वास घ्यायचा, त्याबरोबर कृपा आत. आणि मनातल्या मनात नको, ओठांनी म्हणा—हे तुमचंच ना? आमच्या ह्यांनी तर फारच मनावर घेतलं. रोज सकाळी आतल्या खोलीत खुर्चीवर ताठ बसून भात्यासारखे फुसफुसतात. मग बाहेर येतात, चहा मागतात, म्हणतात, मोकळं वाटतं. वाटेल नाहीतर काय—आपल्या घरातला केर शेजारणीच्या दारात लोटला की कोणालाही मोकळं वाटतं.

किळस येते मला, स्पष्टच सांगते. आणि आता येत्या रविवारी मंडळीचा कारभार बघणारे वडील म्हणून तुम्ही ह्यांनाच नेमणार, आणि त्या उपासनेत मी गावं म्हणून आलात. महिनाभर गायले नाही तर किती ती काळजी! माझा घसा बसलाय असं ह्यांनी सांगितलं ना? घसा चांगला ठणठणीत आहे.

ही मधली भिंत बघितलीत? भिंत कसली, प्लायवूड आहे. पलीकडे उसासा टाकला तरी इथे मशीनपाशी ऐकू येतो. मी काही कान लावून बसत नव्हते—म्हणजे सुरुवातीला तरी नव्हते. पहिल्यांदा आपलं किरकोळ चालायचं, गिऱ्हाइकावर खेकसलो, उगाच खोटं बोललो. मला हसूच यायचं. आणि एक दिवस श्वास सोडता सोडता म्हणाले—प्रभू, हिच्या आईचा निरोप मी दाबून ठेवला, मला क्षमा कर.

माझे हात कापडावर तसेच राहिले. आईला जाऊन वर्षं झाली की हो. मी समजत होते, निरोपच उशिरा आला. भावाशी बोलणं टाकलं मी त्यावरून, सख्ख्या भावाशी! तो सांगत राहिला, ताई, आईचं काही खरं नाही म्हणून मी फोन केला होता, भाऊजींनी उचलला. मी त्यालाच खोटं पाडलं. आणि का दाबला निरोप? तर रविवारी गायनाचा खास कार्यक्रम, गायकमंडळ ह्यांचं, आणि वरच्या पट्टीत गाणारी मी एकटी. मी गेले असते तर ह्यांची शोभा झाली असती ना. आणि मी गायले हो. छाती भरून गायले. तिकडे ती एकेका श्वासाला झुंजत होती, सारखी दाराकडे बघत होती, असं वहिनी सांगते—आणि इकडे मी लोकांची शाबासकी घेत उभी. पोहोचले तेव्हा तिला नेऊन झालं होतं.

मग काय, रोजच ऐकायला लागले. वाटायचं, आज तरी बाहेर येऊन मला सांगतील. यायचे, चहा मागायचे. मीही द्यायचे, वर साखर पुरे का म्हणून विचारायचे—स्वतःचीसुद्धा किळस येते मला. आणि आज सकाळी काय म्हणाले ठाऊक आहे? प्रभू, तू ते ओझं उतरवलंस, आता त्याची आठवणही काढणार नाही. संपलं. देवाने दिली असेल क्षमा, त्याचं मन मोठं. पण आई माझी होती. मला कोणी विचारलं?

म्हणून म्हणते, नेमणूक राहू द्या बाजूला. ह्यांना बोलवा, इथे माझ्यासमोर बसवा, आणि तुम्हीच विचारा—असे गप्प का झालात? मी एवढं सांगितलं, तुम्ही साधं 'असं कसं केलं त्यांनी' एवढंसुद्धा म्हणाला नाहीत. दुसरं कोणी असतं तर दचकलं असतं. वर बघा जरा.

कधी सांगितलं त्यांनी तुम्हाला? नेमायचं ठरलं त्याच्या आधी, की नंतर?

आधी म्हणता.

नको. प्रार्थना नको, इथे नको. तुमची पिशवी खुर्चीखाली आहे. या आता.