हिराजीमामांचा फळा

मंडळी, ऐका. पूर्वरंगात आपण श्रद्धेवर बोललो. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्यात, मी पाहिल्या. आता एक सरळ प्रश्न विचारतो, उत्तर मनातच द्या. ज्याला आपण आपला म्हणतो, तो हरायला लागला, तर किती दिवस आपला राहतो? देव घ्या, मुलगा घ्या, नाहीतर कबड्डीचा संघ घ्या. किती दिवस?

हसताय काय? कबड्डीचंच आख्यान आहे आज! पुराणातलं ऐकायला आलेल्यांनी जरा सांभाळून घ्या. देव आहे यात — करड्या रंगाचा आहे, वेळेवर येईल.

पेणच्या बाजूला खारडोंगरी म्हणून गाव. तिथं हिराजी म्हात्रे राहतात, सगळ्यांचे हिराजीमामा. गणपतीचा कारखाना आहे त्यांचा, तीस वर्षं शाडूचं काम. हात असा, की मूर्तीच्या डोळ्यांची आखणी त्यांनी केली की माणूस नजर चुकवून पुढं जातो. आणि दुसरं वेड म्हणजे गावचा कबड्डी संघ. सामना असला की कारखान्याला कुलूप. गिऱ्हाईक बाहेर उभं राहू दे, नाहीतर बसू दे.

अक्षर सुंदर म्हणून देवळाबाहेरचा सुविचाराचा फळा मामांच्या ताब्यात. पण सामन्याच्या दिवशी सुविचार पुसला जायचा आणि तिथं निकाल यायचा. रंगीत खडूनं, चारी बाजूंनी वेलबुट्टी काढून. देवाला जाताना माणूस आधी तो वाचणार, मग घंटा वाजवणार. खोटं सांगत नाही.

तुळशीचं लग्न झालं, मैदानावर नारळ फुटला, हंगाम सुरू झाला. पण या वर्षी सातातले चार गडी नवे होते. जुन्यातले दोघं पोलिसात भरती झाले, एकाचा गुडघा गेला, आणि चौथ्याचं लग्न झालं — त्याबद्दल अधिक बोलत नाही, आमच्या पेटीवाल्या जगूभाऊंचं कुटुंब समोरच बसलंय. कर्णधार नितेश. हा मामांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. चढाई कशी करायची, दम कसा टिकवायचा, सगळं मामांनीच शिकवलेलं.

पहिला सामना चौदा गुणांनी हरले. दुसरा अकरानं. तिसरा नऊनं. चौथा सहानं. चौदा, अकरा, नऊ, सहा — तुम्हाला काही दिसतंय का यात? मामांना नाही दिसलं. त्यांना एवढंच दिसलं, की चारही हरलो.

चर्चा तर पहिल्या हारीपासूनच चालू! पारावर मामा सांगायला लागले, की मैदानाची माती बदलली म्हणून हरतोय. दुसऱ्या हारीला म्हणाले, नितेशनं केस वाढवलेत म्हणून. तिसऱ्या हारीला म्हणाले, पकड करायची सोडून पोरं एकमेकांची तोंडं बघतात. हे मात्र खरं होतं. नवी पोरं, कोण कुठं उभं राहणार ते अजून ठरायचं होतं. पण मामांना थांबवतंय कोण? चौथ्या हारीनंतर ते तडक देवळाकडे गेले, खडू घेतला आणि फळ्यावर दोनच शब्द लिहिले: कर्णधार बदला. वर वेलबुट्टी!

अहो, भाच्याचं नाक कापलं आणि भोवती नक्षी काढली!

गावानं वाचलं. नितेशच्या आईनं वाचलं, दर्शन न घेताच परत फिरली. नितेशनं वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा कारखान्यात. माघी गणपतीचं काम चालू होतं. पनवेलकडच्या एका मंडळाचे तांडेल म्हणून गृहस्थ आपली मूर्ती बघायला आलेले. मूर्ती होऊन पाच दिवस झालेले. तांडेलांचं तोंड उतरलं. म्हणाले, ही तर करडी दिसतेय, सोंडेपाशी बारीक भेगही आहे, आमचं मंडळ काय म्हणेल? आजच रंग देऊन टाका, निदान बरी तरी दिसेल.

मामा भडकले. हातातलं फडकं बाजूला टाकलं.

"तांडेल, हात लावून बघा. ओली आहे अजून. वाळताना भेग पडतेच, ती मी बुजवीन. पण ओल्यावर रंग दिला तर महिन्याभरात पापुद्रे सुटतील. तीस वर्षं हेच करतोय मी. ओल्या मूर्तीला नावं ठेवायची नाहीत माझ्या कारखान्यात."

तांडेलांनी बोट लावून बघितलं. मामांनी मान वळवली, तर दारात नितेश उभा. हातात कर्णधाराची जर्सी, धुऊन घडी घातलेली. त्यानं ती पाटावर ठेवली, ओल्या मातीपासून जरा लांब.

"मामा," तो म्हणाला, "आमचा संघ किती दिवसांचा आहे?"

एवढंच विचारलं, आणि गेला.

मंडळी, मामा त्या जर्सीकडे बघत बसले. तांडेल कधी निघून गेले ते त्यांना कळलं नाही. तीस वर्षं वाळायला जो वेळ मातीला देत आले, तो रक्ताच्या माणसाला चार सामन्यांपुरताही देता आला नाही. लाज वाटली त्यांना. सरळ लाज.

संध्याकाळी पाचला मैदानावर सराव होता. नितेश आला नव्हता, बाकीची पोरं नुसती उभी. मामा जर्सी काखेत मारून आधी देवळाकडे गेले. पारावर सगळी मंडळी बसलेली. त्यांच्यादेखत मामांनी ओल्या फडक्यानं फळा पुसला, वेलबुट्टीसकट. मग बहिणीच्या घरी गेले. बहीण दारातच उभी, आत या म्हणाली नाही. मामा ओट्यावर बसले आणि तिथूनच आत ऐकू जाईल असं म्हणाले, "नितेश, माझं चुकलं. ओल्यावर बोललो मी. पोरं मैदानात थांबलीत."

मग नितेश आला, जर्सी घेतली, अंगात चढवली. आणि पाय मैदानाकडे वळले.

पाचवा सामना झाला. हरले! दोन गुणांनी. मामांनी फळ्यावर लिहिलं: दोन गुणांनी हरलो. सराव उद्या पाच वाजता. आणि भोवती वेलबुट्टी काढली, नेहमीपेक्षा सुबक.

तिसऱ्या रांगेतले काका विचारताहेत, सहावा जिंकले का? बघा! इतकं सांगून झालं आणि तुम्ही निकालच विचारताय!

नाही सांगणार. कारण फळा खारडोंगरीत एकच आहे, असं समजू नका. तुमच्या प्रत्येकाच्या घरात एक आहे. नव्या सुनेचं नाव आहे त्यावर — भाकरी जमत नाही. मुलाचं आहे — नोकरी लागून तीन महिने झाले, अजून काही दिसत नाही. देवाचंसुद्धा आहे! सव्वा महिना जप केला, फरक नाही, देव बदला. माझ्याही घरी होता. कुणाचं नाव होतं ते जगूभाऊंना माहीत आहे, पहिल्या वर्षी सूर चुकायचे त्यांचे.

आता डोळे मिटा, आपापल्या देवाचं नाव घ्या. आणि घरी गेल्यावर, फळ्यावर ज्याचं नाव लिहिलंय, त्याला आधी हात लावून बघा. ओला असेल अजून.