आपण की आम्ही

(१९९९चा ऑगस्ट. वसईतला एक छापखाना. स्मरणिकेची पानं छपाईला जायची आहेत. विनया कॉम्प्युटरवर, संपादक जयवंत सर तिच्या बाजूला, समोर पार्लरवाली रोझमेरी.)

रोझमेरी : माझा शब्द कोनी खोडला?

जयवंत : खोडला नाही हो, दुरुस्त केला. संपादकाचं कामच ते.

रोझमेरी : सात ठिकानी?

जयवंत : चूक सात ठिकाणी होती. हे बघा, रोझमेरीबाई, पार्लर चालवून, घर सांभाळून एक चिनी बाई मराठीत कविता लिहिते, याचं मला कौतुकच आहे...

रोझमेरी : कौतुक ठेवा बाजूला. विनया, वाच. आधी माझं.

विनया : वाचू ना, सर? "आपणच पहाटे आपलं दार ठोठावलं. आपणच म्हणालो, दोन दिवसांचे कपडे घ्या. आपणच आपल्याला गाडीत कोंबलं."

रोझमेरी : आता सरांचं.

विनया : "त्यांनी पहाटे आमचं दार ठोठावलं. ते म्हणाले, दोन दिवसांचे कपडे घ्या. त्यांनी आम्हाला गाडीत कोंबलं."

जयवंत : बघा, किती स्वच्छ झालं! पोलीस वेगळे, तुम्ही वेगळ्या. आपण म्हटलं की समोरचा त्यात येतो, आम्ही म्हटलं की येत नाही. बाहेरून आलेल्यांचा इथं हमखास घोटाळा होतो.

रोझमेरी : मला शिकवता? आलोशियसशी लग्न होऊन आले, तेव्हा सासूला म्हटलं, आम्ही जेवतो. फ्लॉसीमायने ताट सरकवलं. म्हनाली, तुम्ही जेवता, मग मी कोन, शेजारीन? त्या दिवसापासून या शब्दात माझी चूक नाय झाली.

विनया : सासू भारीच होती तुमची!

जयवंत : म्हणजे मुद्दाम लिहिलंत?

रोझमेरी : मुद्दाम.

जयवंत : अहो, स्मरणिका जवानांना वाहिलेली आहे. कारगिलला आपली पोरं गेली. बोळिंजच्या कार्यक्रमाला पुढारी येणार. त्यात तुमची ती बासष्टची छावणी, आणि वर म्हणायचं, आपणच केलं? लोक फाडून खातील मला.

रोझमेरी : बाप आसामात सुतारकाम करायचा. दोन वर्षांची होते, चीनमधनं आईच्या कडेवर त्याच्याकडे आले. बासष्टला चीनशी लढाई लागली तसं चिनी म्हनून आम्हाला उचललं नि राजस्थानात नेऊन तारेच्या कुंपनात टाकलं. साडेतीन वर्षं! काय केलं होतं हो आम्ही?

जयवंत : आता तुम्हीच आम्ही म्हणालात.

रोझमेरी : रागात म्हनाले. कवितेत मी नाय बोलत. आई बोलते.

विनया : आचोळ्याला राहायच्या त्या आजी? पण त्या तर मुक्या होत्या ना?

रोझमेरी : मुकी नव्हती गं. छावनीतनं सुटली नि बोलायचीच बंद झाली. चिनी कानावर पडलं तर परत घेऊन जातील, ही भीती. लग्नानंतर मी तिला इकडे आनलं. वीस वर्षं आचोळ्याला काढली, सगळे तिला मुकीच समजले. मरायच्या आधी आठवडाभर बोलत होती, माझ्याशी एकटीशी. पन एकदासुद्धा परक्यांनी केलं म्हनाली नाय. आपल्याच मानसांनी केलं, म्हनाली. आनि तुम्ही तिच्या तोंडात 'त्यांनी' घालता? जिवंतपनी तोंड बंद केलंत तिचं. आता मेल्यावर दुरुस्त करता?

जयवंत : मी? माझा काय संबंध? मी तेव्हा रत्नागिरीला शाळेत होतो.

रोझमेरी : शाळेत काय करायचात?

जयवंत : सगळी पोरं करायची तेच. जवानांसाठी स्वेटर गोळा करायचो. प्रभातफेरी काढायचो.

रोझमेरी : फेरीत काय ओरडायचात?

विनया : सर?

जयवंत : ...चिन्यांना ठेचा.

रोझमेरी : मोठ्याने?

जयवंत : पुढे असायचो मी. आवाज चांगला होता.

विनया : सर, पानं पाठवायचीत. काय ठेवू?

जयवंत : सातही शब्द होते तसे कर.

विनया : आणि पुढाऱ्यांनी विचारलं तर?

जयवंत : तर माझ्याकडे पाठव. कळत नव्हतं हो, रोझमेरीबाई. आठवीत होतो मी.

रोझमेरी : मी पन आठवीतच होते.