झोपाळ्याची स्प्रिंग

अगं, आमच्या सुहासचं ऐक. माझा हा नवरा मेकॅनिकल इंजिनिअर, त्यामुळे हौगांग भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याच्या आईसाठी झोपाळा टांगताना त्याने कुणाला विचारलं नाही. साधी ताणली जाणारी स्प्रिंग लावली. पाहुण्यांदेखत सासूबाई बसल्या, स्प्रिंग उलगडत गेली आणि त्या थेट फरशीवर!

"माझंच वजन वाढलंय," त्या ओशाळून म्हणाल्या. सुहासने सगळ्यांसमोर स्प्रिंगचं नावही काढलं नाही. जेवताना त्यांनी भात घेतला नाही, तेव्हा मात्र त्याची मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी त्याने ड्रॉबार स्प्रिंग आणली. ती ओढली की दबते. भार वाढला तरी दबून थांबते, सुटत नाही. आधी स्वतः बसला.

"आई, चूक माझी होती. तुझ्या वजनाची नाही. बस ना."

"बसेन रे," त्या म्हणाल्या, "जरा बारीक झाले की."