नदीकाठच्या एकतीस नावांबाबत पुरवणी जबाब

दिनांक १४ फेब्रुवारी १९९२. वेळ दुपारी ३-१०.

माझे नाव रंगनाथ बन्सीधर पाथ्रीकर, वय ४१ वर्षे, धंदा नोकरी (कारकून, ऊस विकास विभाग, श्री सिद्धनाथ सहकारी साखर कारखाना, बोरसांगवी), राहणार कारखाना वसाहत, बोरसांगवी, ता. गंगाखेड, जि. परभणी.

मी स्वतः गंगाखेड पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की, दि. १० रोजी कारखान्याच्या कार्यालयात झालेल्या मारहाणीबाबत माझा जबाब त्याच दिवशी झाला आहे. त्यात मी जे पाहिले ते खरे सांगितले. परंतु जे केले ते सांगितले नाही. ते आज सांगत आहे. मला कोणी बोलावलेले नाही.

आमच्या कारखान्यात तीन हंगामांपासून ऊसतोडीचा क्रम संगणकावर लागतो. कोणाचा ऊस कधी तोडायचा ती यादी त्यातून निघते आणि तिच्यावरून गावोगाव चिठ्ठ्या जातात. यंत्रात जो प्रोग्रॅम आहे तो पुण्याच्या विमला सप्रे या बाईंनी लिहिला आहे. त्या पुण्यातूनच काम करतात. त्यांनी आमचा कारखाना कधी पाहिलेला नव्हता. बोलणे फोनवर व्हायचे आणि दुरुस्तीची फ्लॉपी टपालाने यायची.

जागेवर काम पाहण्यासाठी कारखान्याने दत्तराव मुंजाजी शिंगणकर, वय २७, राहणार पिंगळी, यांना कंत्राटावर घेतले. ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. मी कायम नोकर असून ते हंगामापुरते, त्यामुळे साहेब लोक काही विचारायचे झाल्यास मला विचारत आणि मी दत्तरावांना विचारून सांगत असे. हे मला आवडत नव्हते.

गोदावरीच्या काठच्या शिवारात जमीन ओली राहते. जानेवारी सरेपर्यंत तिथे गाडी जात नाही. ही गोष्ट पुण्यात बसून कळण्यासारखी नव्हती. दत्तराव सायकलवर शिवार फिरून आले आणि अशा एकतीस शेतकऱ्यांची नावे मुख्य यादीतून काढून त्यांची वेगळी यादी त्यांनी यंत्रात केली, म्हणजे त्यांची तोड फेब्रुवारीत लागावी. ती कशी जोडायची हे सप्रे बाईंनी त्यांना फोनवर शिकवले. मी समोर होतो. दोघे तासभर बोलत होते.

दि. ६ जानेवारीस दत्तरावांच्या आई पार्वतीबाई आजारी पडल्याने ते पिंगळीस गेले. दि. ८ रोजी पुण्याहून नवी फ्लॉपी आली. सकाळी अकराच्या सुमारास सप्रे बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "तिथे दत्तरावांनी जे जोडलंय ते आधी दुसऱ्या फ्लॉपीवर काढून ठेवा. नाहीतर पुसलं जाईल. दत्तराव आहेत ना?"

मी म्हणालो, "आहेत. बाहेर गेलेत."

"मग त्यांना विचारूनच करा."

मी हो म्हणालो. त्यानंतर मी कोणाला न विचारता फ्लॉपी घातली. काही काढून ठेवले नाही, कारण कसे काढायचे ते मला येत नव्हते. दत्तरावांवाचून काम अडत नाही हे आमच्या विभागाच्या साहेबांना दाखवायचे होते, दुसरे कारण नाही. यंत्र सुरू झाले. मी साहेबांना तसे सांगितले व त्यांनी मला शाबास म्हटले.

दि. १३ रोजी दत्तराव परत आले. पहिले त्यांनी विचारले, "रंगनाथराव, नवी फ्लॉपी घातली म्हणं. नदीकाठची यादी काढून ठेवली व्हती का?"

मी हो म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारले नाही. माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी ती यादी यंत्रात उघडून पाहिली नाही.

एकतीस नावे पुसली गेली होती. फेब्रुवारी लागला तरी त्या शिवारात एकही चिठ्ठी गेली नाही. उभ्या उसाला तुरे आले व वजन घटू लागले.

दि. १० फेब्रुवारी रोजी दुपारी बाराच्या सुमारास त्या गावांतील चाळीसेक माणसे कार्यालयावर आली. पुढे व्यंकटराव गणपतराव हे होते. ते म्हणाले, "आमच्या शिवारातला एकबी ऊस का न्हाई यादीत? आमी काय कारखान्याचे सभासद न्हाई का? कोण बघतं हे यंत्र?"

साहेब म्हणाले, "कंत्राटावरचा माणूस बघतो."

मी दत्तरावांच्या शेजारी उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. तेव्हा ते पुढे व्हरांड्यात गेले आणि म्हणाले, "यादी मीच केली हाय. मला दोन तास द्या, मी नावं लावून देतो."

व्यंकटरावांनी त्यांची गचांडी धरली. मागून रेटारेटी झाली. दत्तराव सहा पायऱ्यांवरून फरशीवर तोंडावर पडले. चष्मा फुटून काच डाव्या डोळ्यात गेली. उजवे मनगट मोडले. रक्त पाहून लोक मागे सरले. व्यंकटरावांनीच त्यांना उचलून जीपमध्ये घातले आणि परभणीला दवाखान्यात नेले. वाटेत ते सारखे म्हणत होते, "मारायचं नव्हतं आमाला. लय चुकलं." मी जीपमध्ये मागे बसलो होतो.

आज सकाळी मी दवाखान्यात गेलो. तेथे एक बाई एसटीने पुण्याहून येऊन खाटेजवळ बसल्या होत्या. त्या सप्रे बाई. आवाजावरून मी ओळखले. दत्तरावांनी नदीकाठची यादी केली तेव्हाच तिची एक प्रत त्यांना टपालाने पाठवली होती. तिच्यावरून एकतीस नावे भरून त्यांनी फ्लॉपी आणली होती. कारखान्यात ती आजच दिली असून उद्यापासून त्या शिवारात तोड लागेल.

त्या दत्तरावांना म्हणाल्या, "मी फोनवर सांगून मोकळी झाले. एकदा इथे यायला हवं होतं मी. तुम्हाला त्या दिवशी कोणी विचारलंच नव्हतं का?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. दत्तरावांचे दोन्ही डोळे पट्टीने बांधलेले होते. मी आलो आहे हे पार्वतीबाईंनी त्यांना सांगितले होते. ते म्हणाले, "विचारलं व्हतं, म्याडम. मीच विसरलो काढून ठेवायचं. माझं कंत्राट तसंबी मार्चपर्यंतच हाय."

मी पाणी आणतो म्हणून बाहेर आलो आणि गंगाखेडच्या गाडीत बसलो.

डावा डोळा राहील किंवा कसे, डॉक्टर अद्याप सांगत नाहीत. व्यंकटरावांनी धरले हे खरे आहे. परंतु ज्या चुकीसाठी धरले ती दत्तरावांची नाही, पुण्याच्या बाईंचीही नाही. दोघांनीही मला विचारले होते आणि दोघांनाही मी हो म्हणालो. मी हे सांगण्यास आलो आहे, हे दत्तरावांना ठाऊक नाही.

वरील मजकूर मी सांगितला तसा हवालदारांनी लिहिला व मला मोठ्याने वाचून दाखवला. तो बरोबर आहे. यात कमी करावे असे काही नाही.

सही / रंगनाथ बन्सीधर पाथ्रीकर